शब्दाच्या पोटात अक्षरे, की अक्षरांच्या पोटात शब्द?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : ठरावीक अक्षरे असलेले इंग्रजी शब्द शोधायचे कसे? कोणाला खेळासाठी ते हवे आहेत, कोणाला शब्दकोड्यासाठी, तर कोणाला मुलांचा अभ्यास घेण्यासाठी. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे. इंग्रजी शब्द नेहमीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत छापले आहेत, आणि जेथे स्पेलिंगच महत्त्वाचे आहे तेथे अक्षरांची नावे आडव्या रेघेने जोडून दिली आहेत.

प्रश्न : ए, आर आणि टी ही अक्षरे असलेल्या इंग्रजी शब्दांची यादी मला हवी होती. तीन ठिकाणी शोधले तर तीन निराळ्या याद्या मिळाल्या. एकीत ‘स्टार्ट’सारखे शब्द होते, दुसरीत ‘वॉटर’ही होता आणि तिसरीत जेमतेम चार-पाच लहान शब्द होते. यांपैकी बरोबर यादी कोणती?

उत्तर : तिन्ही याद्या बरोबर असणार. गोंधळ याद्यांमध्ये नसून आपल्या प्रश्नातील ‘असलेले’ या शब्दात आहे, कारण अक्षरे शब्दात निरनिराळ्या प्रकारे असू शकतात आणि प्रत्येक यादीने त्यांपैकी एकच प्रकार गृहीत धरलेला असतो.

पहिला प्रकार म्हणजे अक्षरे दिलेल्या क्रमाने आणि एकमेकांना चिकटून येणे. ए-आर-टी असा अखंड तुकडा ‘स्टार्ट’, ‘पार्टी’ आणि ‘हार्ट’ या तिन्ही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये दिसतो. दुसऱ्या प्रकारात क्रम तोच राहतो, पण मध्ये दुसरी अक्षरे शिरलेली चालतात. ‘अलर्ट’ म्हणजे ए-एल-ई-आर-टी आणि ‘ॲप्रिकॉट’ म्हणजे ए-पी-आर-आय-सी-ओ-टी हे त्याचे नमुने. तिसऱ्या प्रकारात क्रमाचीही अट नसते, तिन्ही अक्षरे कोठेतरी सापडली की पुरे, म्हणून ‘वॉटर’ येथे सामावतो. हे तीन प्रकार एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे आहेत : पहिल्यातला प्रत्येक शब्द दुसऱ्यात असतो, दुसऱ्यातला तिसऱ्यात असतो, पण उलट तसे घडत नाही.

चौथा प्रकार मात्र या डब्यांच्या बाहेरचा आहे, आणि आपल्या तिसऱ्या यादीचे रहस्य तेथे आहे. पहिल्या तिन्ही प्रकारांत शब्द मोठा असतो आणि अक्षरे त्याच्या पोटात असतात. चौथ्यात अक्षरांचा संच मोठा मानून त्याच्या पोटात मावणारे शब्द शोधायचे असतात. ए, आर आणि टी यांखेरीज एकही अक्षर वापरायचे नाही असे ठरवले की ‘आर्ट’, ‘रॅट’, ‘टार’, ‘ॲट’ असे थोडेच शब्द हाती लागतात. तेच अक्षर पुन्हा वापरण्याची मुभा असेल, तर त्यांत टी-ए-आर-टी हा ‘टार्ट’ आणि ए-टी-टी-ए-आर हे ‘अत्तर’ यांचीही भर पडते. होय, हे आपलेच अत्तर, इंग्रजीत जाऊन बसलेले. अक्षरांच्या टाइल जुळवून शब्द करण्याच्या स्क्रॅबल या खेळात ही मुभा नसते, कारण जितक्या टाइल हातात तितकीच अक्षरे. काही शब्दकोड्यांत मात्र ती असते. तेव्हा शोध सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात : कोण कोणाच्या पोटात आहे, आणि एक अक्षर किती वेळा वापरता येते. एवढे ठरले की निम्मे काम झाले, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

प्रश्न : ‘के’ हे अक्षर असलेले शब्द सांग, असे म्हटले की माझा मुलगा ‘कॅट’ आणि ‘कॅमल’ सांगतो. त्याला कसे समजवावे?

उत्तर : त्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण तो कानाने शोधत आहे आणि प्रश्न डोळ्यांसाठी विचारलेला आहे. इंग्रजीत ‘क’चा ध्वनी सी, के, क्यू, सी-के आणि कधी कधी सी-एच या अक्षरांनीही लिहिला जातो. त्याच्या उलट ‘नाइफ’, ‘नी’ आणि ‘नॉक’ या शब्दांच्या आरंभी के असूनही तो कोणालाच ऐकू येत नाही. मुलाला हे न ऐकू येणारे अक्षर शोधण्याचाच खेळ लावून द्यावा. ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दातला बी, ‘रिसीट’मधला पी, ‘आयलंड’मधला एस, अशी बरीच मंडळी त्याला भेटतील. यांपैकी ‘डेट’मधला बी तर पूर्वी नव्हताच, मूळ लॅटिन शब्दाची आठवण राहावी म्हणून पंडितांनी तो मागाहून बसवला, आणि तेव्हापासून तो तेथे मुकाट्याने उभा आहे.

प्रश्न : स्क्रॅबल खेळताना सात अक्षरे समोर असतात, पण त्यांतून सातही अक्षरांचा शब्द मला कधी सुचत नाही. हे केवळ शब्दसंग्रहाचे काम आहे, की त्याला काही पद्धत आहे?

उत्तर : शब्दसंग्रह लागतोच, पण माहीत असलेला शब्दही समोर दिसत नाही ही खरी अडचण असते, आणि तिच्यासाठी पद्धत आहे. सात वेगवेगळी अक्षरे 5,040 प्रकारे मांडता येतात. दोनपासून सातपर्यंत अक्षरांच्या सगळ्या मांडण्या मोजल्या तर हा आकडा 13,692 होतो. इतक्या मांडण्या कोणीच मनात फिरवू शकत नाही, म्हणून अक्षरे उगाच पुढेमागे सरकवत राहण्याचा फारसा उपयोग होत नाही.

एक उदाहरण घेऊ. आपल्यासमोर ए, ई, जी, आय, एन, आर आणि टी आहेत. सराईत खेळाडू प्रथम शब्दांचे ओळखीचे तुकडे बाजूला काढतो. आय-एन-जी हा प्रत्यय वेगळा केला की ए, ई, आर, टी उरतात. त्यांचा ‘टेअर’ होतो आणि प्रत्यय जोडून ‘टेअरिंग’ मिळतो. येथे थांबण्याचा मोह होतो, पण शेवटी चिकटवलेला आय-एन-जी डोळ्यांना झापड लावतो. तो मोडून आय-ई-आर हा तर-भाव दाखवणारा प्रत्यय काढला की टी-ए-एन-जी उरते आणि ‘टँगिअर’, म्हणजे अधिक आंबट-तिखट, हा शब्द तयार होतो. आय-एन हा उपसर्ग पुढे घेतला तर ‘ग्रेट’, म्हणजे जी-आर-ए-टी-ई, उरतो आणि ‘इनग्रेट’, म्हणजे कृतघ्न माणूस, हाती येतो. आणि या सगळ्यांपेक्षा परिचित असलेला ‘ग्रॅनाइट’ बहुधा शेवटी सुचतो, कारण ज्या आय आणि एन यांना आपण प्रत्ययात बांधून ठेवले होते ते त्यात एन-आय असे उलटे होऊन मधोमध बसलेले असतात. म्हणून तुकडे काढावेत, पण एका तुकड्याच्या प्रेमात पडू नये. कागद जवळ असेल तर अक्षरे ओळीत न लिहिता वर्तुळात लिहावीत. ओळीला आरंभ आणि शेवट असतो, म्हणून डोळा नकळत डावीकडून वाचू लागतो. वर्तुळात ती सक्ती राहत नाही.

घरी सराव करणाऱ्यांसाठी दुसरी युक्ती आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून त्यांची एक किल्ली करावी. वरच्या चारही शब्दांची किल्ली एकच येते : ए-ई-जी-आय-एन-आर-टी. त्याचप्रमाणे ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’ आणि ‘टिन्सल’ हे शब्द ई-आय-एल-एन-एस-टी या एकाच किल्लीने उघडतात. अशा किल्ल्यांची वही केली की सात निरनिराळ्या अक्षरांसाठी 13,692 मांडण्यांऐवजी फक्त 120 किल्ल्या तपासाव्या लागतात, कारण कोणती अक्षरे घेतली एवढेच मोजायचे असते, ती कोणत्या क्रमाने घेतली हे मोजायचे नसते. शब्द शोधून देणाऱ्या संगणकीय साधनांतही बहुधा हीच युक्ती वापरलेली असते.

स्क्रॅबलची रचनाही अक्षरे मोजूनच झालेली आहे. अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड मोशर बट्स यांनी 1930च्या दशकात वर्तमानपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून कोणत्या अक्षराच्या किती टाइल ठेवायच्या हे ठरवले. इंग्रजी खेळातील 100 टाइलांपैकी ईच्या 12 आहेत, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एक असून त्यांना 10 गुण आहेत. एस मात्र इंग्रजीत भरपूर येत असूनही त्याच्या चारच टाइल आहेत. नाहीतर प्रत्येक नामाला एस जोडून अनेकवचन करण्यातच खेळ संपला असता.

प्रश्न : डब्ल्यू-के-डब्ल्यू किंवा एच-क्यू अशी अक्षरे सलग येणारा शब्द इंग्रजीत असू शकतो का? असल्यास तो आठवावा कसा?

उत्तर : दोन्ही आहेत, आणि दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत. ए-डब्ल्यू-के-डब्ल्यू-ए-आर-डी हा ‘ऑकवर्ड’, आणि दुसरा ‘अर्थक्वेक’, म्हणजे भूकंप. हे शब्द आठवत नाहीत, कारण आपण ती अक्षरे एका दमात उच्चारून पाहतो आणि तसा उच्चार तोंडात बसत नाही. अशा वेळी अक्षरांच्या मधोमध एक उभी रेघ ओढून पाहावी : एचने संपणारा एक शब्द आणि क्यूने सुरू होणारा दुसरा. इंग्रजीतील विचित्र दिसणारे अक्षरगट बहुतेकदा सामासिक शब्दांच्या सांध्यावर तयार होतात. पी-बी शोधायचा तर ‘कप’ आणि ‘बोर्ड’ यांचा सांधा पाहावा. तेथे पीचा उच्चार लोपला, पण अक्षर राहिले. के-जी ‘बॅकग्राउंड’मध्ये सापडतो. दोन एच लागोपाठ ‘विथहोल्ड’मध्ये येतात, दोन डब्ल्यू ‘ग्लोवर्म’ म्हणजे काजव्यासारख्या किड्याच्या नावात येतात. ‘कॅचफ्रेज’मध्ये तर टी-सी-एच-पी-एच-आर अशी सहा व्यंजने एकापाठोपाठ एक उभी आहेत. ‘बुककीपर’ या शब्दात दोन ओ, दोन के आणि दोन ई लागोपाठ येतात, तेही सांध्याचेच देणे आहे.

सांध्यावर सापडले नाही, तर परक्या भाषेतून आलेला शब्द आठवावा. ‘व्हॅक्यूम’मधले दोन यू लॅटिनमधून आले, ‘बझार’मधले दोन ए फारसीतून आले. क्यूनंतर यू नसलेले बहुतेक शब्दही असेच पाहुणे आहेत. अरबीतून आलेला ‘नकाब’ आणि चिनी भाषेतून आलेला, क्यू-आय असा दोनच अक्षरांचा ‘ची’ ही त्यांची उदाहरणे. स्क्रॅबल खेळणाऱ्यांचा हा ‘ची’ विशेष लाडका आहे आणि तसा तो असावाही, कारण यू हातात नसताना क्यूपासून सुटका करून देणारे शब्द मोजकेच आहेत.

तिसरी जागा प्रत्ययाची. दोन आय लागोपाठ हवे असतील, तर आयने संपणाऱ्या क्रियापदाला आय-एन-जी जोडून पाहावे. ‘स्कीइंग’ आणि ‘टॅक्सीइंग’ लगेच मिळतात.

प्रश्न : संगणकावर शोधताना प्रश्नचिन्ह आणि ताराचिन्ह वापरतात, त्यांत फरक काय? आणि क्रम ठाऊक नसलेली चार अक्षरे त्यांनी शोधता येतात का?

उत्तर : बहुतेक साधनांत प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर, आणि तारा म्हणजे कितीही अक्षरे; एकही नसले तरी चालते. शब्दकोड्यात घरे मोजलेली असतात, म्हणून तेथे प्रश्नचिन्ह कामाचे. शब्दाची लांबी माहीत नसेल तेथे तारा कामाचा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र तारा गैरसोयीचा आहे, कारण तो क्रम पाळतो. तारा, क्यू, तारा, एक्स, तारा असे लिहिले तर ‘इक्विनॉक्स’ आणि ‘क्विक्झॉटिक’ मिळतील, पण एक्स आधी असलेला ‘एक्स्क्विझिट’ निसटेल. दोन अक्षरांसाठी दोन वेळा शोधता येईल, तिनांसाठी सहा वेळा आणि चारांसाठी 24 वेळा शोधावे लागेल. त्यापेक्षा चाळणी लावणे बरे : आधी एका अक्षराचे सगळे शब्द घ्यावेत, त्या यादीतून दुसरे अक्षर असलेले गाळून घ्यावेत, मग तिसरे, मग चौथे. युनिक्स प्रणालीतील ‘ग्रेप’ ही आज्ञा याच कामाची आहे. केन थॉम्प्सन यांनी ती 1973च्या सुमारास लिहिली आणि एका ग्रेपचे निष्पन्न दुसऱ्या ग्रेपला पुरवता येते.

संगणकाला चाळण्यांचा क्रम कोणताही चालतो, पण हाताने शोधणाऱ्याने सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून आरंभ करावा. ई इंग्रजी मजकुरात साधारणपणे दर आठ अक्षरांमागे एकदा येतो, तेव्हा ईची चाळणी फारसे काही गाळत नाही. तारायंत्राची संकेतलिपी ठरवताना आल्फ्रेड वेल यांनी छापखान्यातील खिळे मोजून कोणते अक्षर किती लागते याचा अंदाज घेतला होता. म्हणून त्या लिपीत ईला एक टिंब आणि टीला एक रेघ, इतकी छोटी खूण मिळाली.

प्रश्न : पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याच्या ‘वर्डल’ या खेळात शेवटची चार अक्षरे हिरवी, म्हणजे जागेसकट बरोबर, होऊनही मी हरलो. हे नशीब म्हणायचे का?

उत्तर : आपण कळवलेली चार अक्षरे आय-जी-एच-टी आहेत, त्यामुळे थोडे नशीब आणि थोडी घाई, असे म्हणावे लागेल. या शेपटापुढे बी, ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी आणि डब्ल्यू ही दहाही अक्षरे लागतात आणि खरा शब्द तयार होतो. त्यांपैकी ई लावून होणारा ‘एट’, म्हणजे आठ, यमकात बसत नाही, म्हणून तो सहसा सुचतही नाही. एकेक शब्द करून पाहिला तर सहा प्रयत्न पुरणार नाहीत.

अशा वेळी उत्तर शोधणे थांबवून एक प्रयत्न केवळ माहितीसाठी खर्च करावा. ‘फिल्म्स’ हा शब्द टाकला तर एफ, एल, एम आणि एस या चारांचा निकाल एकदम लागतो. त्यांत काही उजळले नाही तर ‘ब्रॉन’, म्हणजे बी-आर-ए-डब्ल्यू-एन, टाकावा. तो आणखी चारांचा निकाल लावतो. मग उरतात फक्त ‘एट’ आणि ‘टाइट’. दहा शक्यता चार प्रयत्नांत संपतात. खेळाच्या कठीण प्रकारात मात्र मिळालेली अक्षरे पुढच्या प्रयत्नात वापरावीच लागतात, तेथे ही वाट बंद असते. म्हणून त्या प्रकारात अशा शेपटापाशी लवकर पोचणे हेच संकट मानावे.

प्रश्न : पाचही स्वर असलेले शब्द कोणते?

उत्तर : ‘एज्युकेशन’ आणि ‘इक्वेशन’ हे नेहमीचे. सात अक्षरांत पाचही स्वर बसवणारा ‘सेक्वॉया’ हे एका प्रचंड वृक्षाचे नाव. ए, ई, आय, ओ, यू हे याच क्रमाने हवे असतील तर ‘फसीशस’, म्हणजे एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस, आणि ‘ॲब्स्टीमियस’ पाहावेत. नेमका उलटा क्रम ‘सबकॉन्टिनेंटल’मध्ये आहे.

प्रश्न : जे, क्यू, एक्स आणि झेड ही इंग्रजीतील अवघड अक्षरे. यांपैकी कोणतीही दोन एका शब्दात मिळतात का?

उत्तर : सहाही जोड्या मिळतात : ‘जॅझ’, ‘क्विझ’, ‘ज्यूकबॉक्स’, ‘इक्विनॉक्स’, झेड घालून लिहिलेला ‘मॅक्झिमाइझ’, आणि ‘जॉन्क्विल’. यांतला शेवटचा तेवढा अनोळखी वाटेल. ते नर्गिसच्या जातीतील एका पिवळ्या फुलाचे नाव आहे.

प्रश्न : जी-आर-वाय या अक्षरांनी संपणारे तीन इंग्रजी शब्द आहेत असे एका कोड्यात वाचले. ‘अँग्री’ आणि ‘हंग्री’ सापडले. तिसरा कोणता?

उत्तर : रोजच्या वापरातला तिसरा शब्द नाही. हे कोडे 1970च्या दशकापासून तोंडोतोंडी फिरत आहे आणि फिरताना त्याचे शब्द बदलत गेले आहेत. त्याची जी शाब्दिक कोटीची रूपे आढळतात, त्यांत उत्तर प्रश्नाच्या वाक्यरचनेत लपवलेले असते, शब्दकोशात नसते.

शेवट माहीत असलेला शब्द नेहमीच्या शब्दकोशात शोधणे कष्टाचे असते, कारण तो शब्दांच्या आरंभानुसार लावलेला असतो. जॉन वॉकर यांनी 1775 साली यमके जुळवणाऱ्यांसाठी शब्दांच्या शेवटानुसार लावलेला कोश काढला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. आज कोणतीही शब्दयादी घेऊन प्रत्येक शब्द उलटा लिहावा आणि मग वर्णानुक्रम लावावा, की एकाच शेपटाचे सगळे शब्द शेजारी येतात. तशा यादीत वाय-आर-जी येथे पाहिले असता ‘अँग्री’ आणि ‘हंग्री’ यांच्याजवळ, यादी पुरेशी मोठी असेल तर, ए-जी-जी-आर-वाय हा ‘ॲग्री’ सापडतो. पश्चिम आफ्रिकेत मिळणाऱ्या जुन्या काचमण्यांना हे नाव आहे. कोडे घालणाऱ्याच्या मनात तो असण्याचा संभव फार थोडा आहे, पण पैज लागली असेल तर तो पुढे करायला हरकत नाही.